तुळशीचं पान घातलेली वाइन

माझ्या बायकोने के. आर. पुरमची चांगली नोकरी सोडून दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला द्राक्षांची छोटी बाग करायला घेतली, तेव्हा सासरे तिच्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त त्या विषयाला घरात प्रवेश बंद केला. त्यांच्या बसवनगुडीत कुणी विचारलंच की मुलगी हल्ली काय करते, तर म्हणायचे, शेतीकडं बघती. कशाची शेती, हे पुढचा विचारेपर्यंत ते बसमध्ये चढलेले असत.

बाग लहान म्हणजे किती, तर एका टोकाहून हाक मारली की दुसऱ्या टोकाचा माणूस वैतागून म्हणतो, ओरडू नका. बायको तिथे इकडचीच निळी, जाड सालीची, बियांची द्राक्षं लावते आणि जवळच्या एका छोट्या वायनरीत त्यांची वाइन करून घेते. मी पुण्याचा. ऑफिसातल्या लोकांबरोबर वाइन चाखायच्या वर्गाला जाऊन आलेला, त्यामुळे मला वाइनमधलं कळत काही नाही, पण बोलता येतं. पहिली बाटली उघडल्यावर मी पेला गोल फिरवला, नाक खुपसलं आणि म्हटलं की हिला जुन्या चामड्याचा आणि जंगलाचा वास येतोय. बायको म्हणाली, द्राक्षांचा येतोय.

माझं मत तिला नकोच होतं. तिला एकाच माणसाचं मत हवं होतं, आणि तो माणूस जन्मात कधी दारूच्या दुकानासमोरून गेला नव्हता. दुकान दिसलं की रस्ता ओलांडायचा. बाबांनी एकदा चाखावी, वाईट म्हणाले तरी चालेल, असं ती मला कितीदा तरी म्हणाली असेल. मला तिचं वाईट वाटायचं आणि सासऱ्यांचा रागही यायचा.

पाडव्याला आम्ही बसवनगुडीला गेलो. बाटली बायकोने आईला नुसती दाखवायला म्हणून पिशवीत घेतली होती. सासूबाई बेळगावकडच्या, आणि त्यांचा एक नियम आहे: शेतातलं पहिलं जे येईल ते आधी देवापुढे. मग कोथिंबिरीची जुडी का असेना. त्यांनी विचारलं, बागेतलं हे पहिलंच का? बायको हो म्हणाली आणि घाईघाईने सांगू लागली की ही वाइन आहे. "द्राक्षाचीच आहे की," सासूबाई म्हणाल्या, आणि चांदीची वाटी भरून वर तुळशीचं पान ठेवून मोकळ्या झाल्या. सासरे डोळे मिटून घंटा वाजवत होते. नैवेद्य दाखवून झाला तरी मी डोळे मिटायचे विसरलो होतो.

सासऱ्यांनी डोळे उघडले तर समोर सासूबाईंनी धरलेली पळी. हे काय, म्हणून विचारलं, वास घेतला, आणि त्यांना सगळं कळलं. पण आता ती वाइन राहिली नव्हती, प्रसाद झाली होती. आणि आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात प्रसादाला नाही म्हटलेलं नाही. चिकपेटेत एखाद्या अनोळखी दुकानात पूजा चाललेली दिसली तरी ते हात पुढे करतात. त्यांनी देवाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. सुटकेचा रस्ता दोघांकडेही नव्हता.

"स्वल्प घाल," ते म्हणाले.

प्यायले, आणि सवयीने ओला हात डोक्यावरून फिरवला. टकलावर लांबलचक जांभळा पट्टा उठला. हसू आवरायला मी कडुलिंबाची अख्खी डहाळी तोंडात कोंबली.

बायको दाराला धरून उभी होती.

"आंबट आहे," ते म्हणाले. तिचा चेहरा उतरला. मग ते तिच्याकडे न बघता पुढे बोलले. "आंबटच पाहिजे. इथल्या मातीतलं द्राक्ष असंच लागतंय. मी नवा नवा आलो इकडं तेव्हा संध्याकाळी कागदात घेऊन हेच खात होतो. गोड असती तर म्हटलं असतं, कुठनं तरी आणलीस."

आणि त्यांनी हात पुन्हा पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, प्रसाद एकदा मिळतो. "आमच्यात तीर्थ तीनदा घेत्यात," सासरे म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात सासूबाई ही रीत प्रथमच ऐकत होत्या, पण सणाच्या दिवशी वाद नको म्हणून त्यांनी दुसरी पळी घातली.

तिसरीला मात्र सासऱ्यांनी त्यांना थांबवलं आणि मुलीला जवळ बोलावलं. तू घाल, म्हणाले. तिने इतक्या घाईने पळी पुढे केली की निम्मी वाइन त्यांच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर सांडली. उरलेली त्यांनी शांतपणे घेतली. सासूबाई उपरणं ओढायला लागल्या, लगेच भिजवलं नाही तर डाग जायचा नाही म्हणून. सासऱ्यांनी ते सोडलं नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "माझ्या लेकीच्या बागेतला आहे."