डाव्या कानातलं बटण

मन्नाएखेळ्ळीच्या बाजारातून ते बिनवायरचे इअरबड्स मी कामासाठी आणले. डाळमिलमध्ये मशीन चालू असलं की फोनची रिंग ऐकू येत नाही, आणि हात पुसून बाहेर येईपर्यंत फोन बंद होतो. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "सस्ता माल है अण्णा. आठ दिन वापरके देखो, नै जमा तो बदल देतूं."

वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस कुठलीही वस्तू पारखून घेतो. मीही आठ दिवस ठरवूनच वापरायला लागलो. सकाळी दाढी करताना बुद्धवंदना लावायची, मोटरसायकलवरून मिलला जाताना बातम्या, जेवणाच्या सुट्टीत फोन. चार्जिंग चांगलं टिकायचं. वाऱ्यातही ते कानातून निसटले नाहीत. बायको मात्र वैतागली. "अवो, जेवताना तरी ती कानातली बटणं काढा की," म्हणायची.

खोट एकच निघाली. उजव्या कानात आवाज स्वच्छ यायचा, डाव्या कानात मात्र भिंतीपलीकडं कोणी बोलायलाय असं वाटायचं. मी जाळी ब्रशनं साफ केली, डबीत ठेवून पूर्ण चार्ज केलं, फोन बंद करून चालू केला. उजव्याचं बटण डाव्या कानात घालून बघितलं, पण त्याचा आकारच वेगळा, नीट बसेना. सहाव्या दिवशी डबी घेऊन दुकानात गेलो.

दुकानदारानं दोन्ही बटणं आपल्या कानात घातली. गाणं लावलं, बंद केलं, परत लावलं. मग डाव्या कानातलं काढून उजव्या कानात धरून ऐकलं.

"दोनों बराबर बजते, अण्णा."

"नीट बघा की. डावं एकदम बारीक वाजायलंय."

तो काउंटरच्या बाहेर आला, आपला फोन माझ्या उजव्या कानाशी धरला. त्यावर कोणी बाई बोलत होती, शब्दन् शब्द कळला. मग तोच फोन डाव्या कानाशी धरला. बाई बोलायची थांबली असं मला वाटलं. मी त्याच्याकडं बघितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "बटन अच्छा है, अण्णा. डॉक्टर कू दिखाओ."

दुसऱ्या दिवशी बस धरून बीदरला गेलो. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली, कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या. डावीकडची रेषा खाली खाली गेलेली. कामाला कुठं आहात, त्यांनी विचारलं. मी चाळणीच्या मशीनचं सांगितलं. मशीन कुठल्या बाजूला असतं? डाव्या. त्यांनी मान हलवली. हे आज झालेलं नाही, म्हणाले, पाच-सहा वर्षांपासून उतरत आलंय. गेलेलं परत येणार नाही, उजवा कान जपा.

परतीच्या बसमध्ये मी आठवणी जुळवत बसलो. गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या डाव्या बाजूला कोण कोण बसलं होतं? बायको जेवायला वाढून डावीकडंच बसते. ती हल्ली फार बोलत नाही, असा माझा समज होता. आणि मग दवाखान्यातली ती दुपार आठवली.

तीन वर्षांपूर्वी माय बीदरच्या दवाखान्यात होती. खाट भिंतीला लावलेली, त्यामुळं तिच्या उशाशी बसलं की माझी डावी बाजू तिच्याकडं यायची. अक्का, माझी थोरली बहीण, पायथ्याशी पाय चेपत बसलेली. माय काहीतरी पुटपुटली. तिचे ओठ हलले ते मला दिसलं. काहीतरी पाणीबिणी असेल, आजारी माणूस बोलतंच, म्हणून मी तिच्या हातावर हात ठेवून म्हणालो, "व्हय माय, व्हय." तिनं डोळे मिटले. दोन दिवसांनी ती गेली.

तेव्हापासून अक्का बदलली. जनवाड्यात मायच्या घराशेजारीच तिचं सासर. सणाला बोलवायची, ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. दुःख आहे, उतरेल, असं मी धरून चाललो होतो.

घरी पोचल्यावर तिला फोन लावला.

"अक्का, त्या दिवशी दुपारी माय मला काय म्हणाली होती?"

ती म्हणाली, "आता कामून इचारायलास? तू तर व्हय म्हणालास की."

"मला ऐकू आलं न्हवतं अक्का. माझा डावा कान गेलाय. आज कळलं."

तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ती दारात उभी होती. बायकोनं दिलेलं पाणी प्यायली, डॉक्टरांचा कागद मागून घेतला. तिला त्यातलं वाचता येत नाही, तरी त्या दोन रेषांवरून तिनं बोट फिरवलं. मग सांगितलं.

"माय म्हणाली, मला इथं ठिऊ नको, उद्या घरी ने. तू व्हय म्हणालास. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्याकडनं केस विंचरून घेतले. नवं लुगडं नेसवाय लावलं. घरी जायचंय म्हणून. दुपारपस्तोर दाराकडं बघत होती."

विंचरलेले केस मी बघितले होते. मायला बरं वाटायलंय, असं मी बाहेर जाऊन पाहुण्यांना फोनवर सांगितलंही होतं.

"मग तू मला कामून बोलली न्हाईस?"

"काय बोलू? डॉक्टर न्हाई म्हणाले आसतील, तुझ्या जिवावर आलं आसंल, आसं म्हणून बघितलं. पर तू तिला येक सबूद सांगितला न्हाईस. व्हय म्हणून गप बसलास. ते मला गिळवलं न्हाई."

बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. अक्कानं माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

"ऐकू आलं आसतं तर न्हेलं आसतंस का?"

व्हय म्हणणं सोपं होतं. पण तेव्हा मायला ऑक्सिजन लावलेला होता, आणि घरी नेऊ नका असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी म्हणालो, "माहीत न्हाई अक्का. कदाचित न्हेलं नसतं. पर तिच्याजवळ बसून सांगितलं आसतं."

ती रडली. मीही. मायनं शेवटचे दोन दिवस माझ्याबद्दल काय समजून काढले असतील, हे आम्हा दोघांनाही विचारायचं होतं, आणि दोघांनीही विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी मालकांना कागद दाखवला. त्यांनी मला मशीनवरून काढून बाहेर गोणी भरण्याच्या छपरात काम दिलं, आणि मशीनवरच्या चौघांसाठी कान झाकायची साधनं मागवली. दोघं वापरतात, दोघांना गरम होतं.

रविवारी जनवाड्याला गेलो. मायच्या दोन खोल्या तीन वर्षं बंद होत्या. किल्ली अक्काकडं, पण तिनं कधी कुलूप काढलं नव्हतं. कुलूप गंजलेलं, तेल सोडून थोडा वेळ थांबावं लागलं. आत धुळीचा थर होता. अक्कानं पदर खोचला आणि झाडायला घेतलं. मी बाबासाहेबांच्या फोटोची काच पुसली, जाळी काढली, खाट उचलून अंगणात उन्हात टाकली. दुपारी तिनं भाकरी तिथंच आणली. आम्ही उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसून जेवलो. मध्येच ती म्हणाली, "पावसाच्या आधी हे वरचे पत्रे बदलाय पायजेत." मी वर बघितलं. दोन ठिकाणी भोकं पडली होती.