हनुमंतमामांचे तीस सेकंद

नारायणगावच्या जीप स्टँडवर हनुमंतमामांना कुणी काही विचारलं आणि उत्तर मिळालं नाही, असं अकरा वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. उत्तर बरोबर मिळायचं का, हा वेगळा मुद्दा.

मी जुन्नर रस्त्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रोज सकाळी मामांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर, दाराच्या कडेला माझी जागा. मध्ये कुणीतरी एक जण अंग चोरून बसलेला आणि पलीकडे स्टेअरिंगवर मामा. साठीचे असतील. डोक्याला पांढरी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. टोमॅटोचा भाव का पडला, पुण्याला कोणता डॉक्टर गुडघ्याला चांगला, चंद्रावर गेलेलं यान आता काय करत असेल, सगळं ते सांगणार. एकदा मुंबईच्या गाडीवाल्यांनी आहुपे गावाची वाट विचारली. मामांनी ओढा, वड, वळण, देवराई असं सगळं इतकं बैजवार सांगितलं की मीसुद्धा मान डोलावली. ते लोक भलत्याच गावात पोचले, तिथं त्यांना पिठलं-भाकरी मिळाली, आणि परत जाताना मामांना आवर्जून हात हलवून गेले. मामांना वाटलं, वाट बरोबर सांगितली होती.

माझा स्वभाव तसा कडक आहे. मुलांनी ठोकून दिलेलं उत्तर मला चालत नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, एखाद्या वेळी 'ठाऊक नाही' म्हणा की! काय बिघडतं?"

"आमच्यात तसं म्हनत न्हाईत, बाई," मामा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते मी विसरलेले नाही. मामांचं घराणं मेंढपाळांचं. त्यांच्या लहानपणी दिवाळी झाली की दहा-बारा बिऱ्हाडं मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात चालत जायची. घोड्यांवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि तान्ही पोरं. सगळ्यांच्या पुढे मामांचे वडील, राघूबाबा. पुढे चालायची पाळी पहिल्यांदा मामांवर आली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. एका फाट्यावर ते थांबले आणि मागे वळून म्हणाले, "वाट ठाऊक न्हाई." झालं! मागची बिऱ्हाडं तिथंच बसली. बायकांनी घोड्यांवरचं ओझं उतरवायला घेतलं, मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली, भांडण झालं. राघूबाबा पोराला मारायचे नाहीत. एवढंच म्हणाले, "म्होरं चालनाऱ्यानं ठाऊक न्हाई म्हनायचं नसतं. चुकली वाट तर म्होरं जाऊन वळवता येती. बसलेली मानसं उठत न्हाईत."

तेव्हापासून मामांनी ते शब्द तोंडातून काढले नव्हते. मेंढरं जाऊन जीप आली, तरी मागे दहा माणसं बसलेली असतातच, असं त्यांचं म्हणणं.

टीव्हीवर हिंदीत तो सामान्यज्ञानाचा कार्यक्रम लागतो, तो मामांच्या फार आवडीचा. चार पर्याय यायच्या आधीच ते उत्तर देऊन मोकळे. बरोबर आलं की म्हणायचे, "बघा." चुकलं की म्हणायचे, "आता बदललं आसंल." दुसऱ्या दिवशी जीपमध्ये सगळे प्रश्न पुन्हा आम्हाला.

गेल्या वर्षी त्या कार्यक्रमात मामांची भाची निर्मला निवडली गेली. ही मामांच्या बहिणीची, तुकाबाईंची मुलगी. वडील लवकर गेले म्हणून मायलेकी मामांकडेच राहिल्या. निर्मला पुढे शिकली, डिप्लोमा केला, अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला लागली. मुलं ज्या यंत्रांवर शिकतात ती पुसून, तेलपाणी करून ठेवायची. तिला स्वतःला पदवी घ्यायची होती. नोकरी सोडायची तर तीन वर्षं घर कशावर चालणार, एवढाच प्रश्न होता आणि त्यासाठीच ती तिथं निघाली होती.

कार्यक्रमात अडलेल्या माणसाला एक फोन लावता येतो, तोही तीस सेकंदांपुरता. ज्यांना लावायचा त्यांची नावं आधी द्यावी लागतात. निर्मलानं तीन नावं दिली. कॉलेजातले एक सर, एक मैत्रीण आणि मामा.

मग काय विचारता! मामांनी टीव्हीवर दाखवायला जीपला टेकून, काळा चष्मा घालून फोटो काढला. स्टँडवर रोज पेढे मागायला लोक. भरत नावाचा दुसरा एक जीपवाला आहे, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "मामा, आता आख्ख्या देशाला वाट दावा." मामा हसत होते, पण त्यांनी बाजारातून सामान्यज्ञानाची दोन पुस्तकं आणली होती, हे मला दिसलं होतं. सीटखाली होती.

चित्रीकरणाचा शनिवार होता. बारा ते चार फोन मोकळा ठेवा, शांत जागी बसा, असा चॅनलवाल्यांचा निरोप. मामांच्या घरी शांतता कुठली! म्हणून त्यांनी जीप स्टँडपासून लांब, एका चिंचेखाली लावली आणि काचा वर केल्या. माझी शाळा शनिवारी सकाळची. मामा म्हणाले, "बाई, तुमी बसा शेजारी. काय लागलं तर." मी वही-पेन घेऊन बसले. खरं सांगते, मलाही हौस होतीच. मी मोबाईल काढला, तर मामांनी त्यावर हात ठेवला. "त्यो पिशवीत ठेवा. त्यात बघून सांगायचं न्हाई, आसं सांगितलंय त्यांनी."

दोन वाजून गेले. काचा बंद, ऊन, दोघंही घामाघूम. अडीचला फोन वाजला. मामांनी स्पीकर लावला. सूत्रसंचालकांचा आवाज जीपभर घुमला. निर्मलाजी बाराव्या प्रश्नावर आहेत, इथून उत्तर चुकलं तर जवळजवळ सगळं जाईल, तुम्ही तयार आहात का, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मामा ताठ बसून म्हणाले, "जी, तयार है."

मग निर्मलाचा आवाज, धापा टाकल्यासारखा. "मामा, ऐक. दोन हजार एकोणीसच्या पशुगणनेत सगळ्यात जास्त मेंढरं कोणत्या राज्यात? राजस्थान, तेलंगणा, कर्नाटक, जम्मू-काश्मीर."

मला हसूच आलं. इतका सोपा प्रश्न, आणि तोही मेंढरांचा, आणि तोही मामांना! मी वहीवर मोठ्या अक्षरांत 'राजस्थान' लिहिलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. मामांनी ते वाचलं. त्यांच्या ओठांवर 'रा' आलेला मी पाहिला. मी वहीवर बोट आपटलं. मामांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"निमे," ते म्हणाले, "मला ठाऊक न्हाई."

"थोडाफार अंदाज?"

"मनात राजस्थान येतंय. पन ते नुसतं मनातलं हाय. म्या काय मोजाया गेलो न्हाई. माझ्या भरवशावर टाकू नको पोरी. हाय तेवढं घे आन घरी ये."

फोन कट झाला. मी वही मिटली. मला इतका राग आला होता की विचारू नका. "मामा, आयुष्यभर नको तिथं बोललात आणि आज हवं तिथं गप्प बसलात! येत होतं ना तुम्हाला?" मामांनी काच खाली केली आणि म्हणाले, "येत व्हतं का, तेच ठाऊक न्हाई, बाई." एका दिवसात दोनदा.

कार्यक्रम दिसायला तीन आठवडे होते. तोवर कुणी काही बोलायचं नाही, असं निर्मलानं लिहून दिलं होतं, आणि ती शब्दाला पक्की. परत आल्यावर मामांना एवढंच म्हणाली, "तू म्हणालास तशी घरी आले." काय झालं ते मामांनीही विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती. समजा उत्तर राजस्थानच असेल? समजा मामाच्या तोंडून एक शब्द न निघाल्यानं पोरीचं मोठं बक्षीस गेलं असेल? मी तर हे धरूनच चालले होते. इतकी खात्री, की मोबाईलवर साधं शोधूनसुद्धा पाहिलं नाही. तीन आठवडे मी मामांशी कामापुरतं बोलले. ते जीप चालवायचे, कुणी विचारलं तर वाट सांगायचे, पण आवाज उतरला होता. "त्या दिवशी लाईट जाईल बहुतेक," असंही एकदा आशेनं म्हणाले.

लाईट गेली नाही. संध्याकाळी आठला स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात टीव्हीसमोर चाळीस माणसं होती. मामा आत आले नाहीत. बाहेर जीपमध्ये, टीव्हीकडे पाठ करून बसले. पडद्यावर मामांचा काळ्या चष्म्याचा फोटो आला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. आणि मग साऱ्या देशाला ऐकू गेलं, "निमे, मला ठाऊक न्हाई." खाली हिंदीत लिहूनसुद्धा आलं.

भरतला राहवलं नाही. तो म्हणाला, "घ्या! मेंढपाळाला मेंढरांचंच ठाऊक न्हाई म्हनं!" चारदोन जण हसले. पडद्यावर निर्मला खेळ इथंच सोडते म्हणाली. सूत्रसंचालकांनी विचारलं, खेळला असता तर काय उत्तर दिलं असतं? ती म्हणाली, राजस्थान. मग बरोबर उत्तर हिरवं झालं. तेलंगणा.

भरतचा चहा हातात राहिला. "आयला," तो म्हणाला, "म्या तर डोळं झाकून राजस्थान म्हनलो आसतो."

"मीसुद्धा," मी म्हटलं. शिक्षिका झाल्यापासून चारचौघांत अशी कबुली मी प्रथमच दिली असेन. बाहेर जाऊन जीपच्या काचेवर टकटक केली. "मामा, तेलंगणा होतं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "मंजी पोरीचं काय गेलं न्हाई?"

"काहीच नाही. तीन वर्षं शिकेल एवढं घेऊन आलीय."

मामांनी टोपी काढली, तोंडावरून फिरवली आणि पुन्हा घातली. मी माफी मागितली नाही. मला ते जमत नाही. शेजारी बसून राहिले एवढंच.

सोमवारी सकाळी निर्मला पेढे घेऊन स्टँडवर आली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "कॉलेजातले सर होते, एवढे शिकलेले. मामांनाच कसा काय फोन लावलास? मेंढरांचा प्रश्न म्हणून?"

"नाही हो बाई," ती म्हणाली. "सरांनी काहीतरी उत्तर दिलंच असतं. फोनवर एवढा मोठा माणूस, टीव्ही, कोण 'ठाऊक नाही' म्हणेल?"

"आणि मामा म्हणतील, असं तुला वाटलं? अगं, त्यांनी जन्मात कधी..."

"मला म्हणायचा," निर्मला म्हणाली. "मी चार-पाच वर्षांची होते. कोकणात जाताना मामा सगळ्यांच्या पुढं आणि मी त्याच्या खांद्यावर. फाटा आला की मागच्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं ओरडायचा, 'हीच वाट, चला!' आणि चार पावलं गेलं की माझा पाय घट्ट धरून हळूच म्हणायचा, 'निमे, मला ठाऊक न्हाई गं. भ्या वाटतंय.' मी काय सांगणार? मी म्हणायचे, 'चल मामा, म्होरं बघू.' सगळ्या जगात मला एकटीलाच सांगायचा."

मामा जीपची पुढची काच पुसत होते. त्यांना ऐकू गेलं असावं, कारण एकच जागा ते पुन्हा पुन्हा पुसत राहिले. निर्मला जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली, तर त्यांनी फडकं तिच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं छातीशी धरलं. मी अकरा वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसत आले आहे. त्या दिवशी मला त्या पोरीचा हेवा वाटला.