घरचा फोन, वहिनीचं कुलूप

तुमच्या घरातल्या बाईच्या मोबाईलचं लॉक तुम्हाला माहीत आहे का? असेल, तर ते तिने आपण होऊन सांगितलं, की तुम्ही विचारलं, की विचारायचीसुद्धा गरज पडली नाही?

हा प्रश्न मला फुकटच्या कामातून सुचला. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात फोन, प्रिंटर, टीव्हीचा रिमोट किंवा सरकारी वेबसाईट, काहीही अडलं की लोक आमच्या ओसरीवर येतात. मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. नगरच्या कॉलेजात इतिहास शिकले. पण माझे वडील ऊसतोड मजुरांच्या संघटनेचं काम करायचे, आणि आमच्या घरात धान्याच्या कोठीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. शाळेच्या पुस्तकातली आई स्वयंपाकघरात असायची, पत्रकातली आई मोर्चात. मला दुसरी जास्त ओळखीची वाटायची. पुढे पत्रकं मीच जुन्या कॉम्प्युटरवर टाईप करू लागले. एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला, आणि तो सुरू झालेला शेजारच्या आजोबांनी पाहिला. माझी नेमणूक तेवढ्यावर झाली. "पोरीला सगळं येतंय," असं गावभर झालं. सगळं म्हणजे बहुतेक वेळा बंद करून परत सुरू करणं.

तेव्हापासून किती फोन हातातून गेले याचा हिशेब नाही. "फोन भरलाय," म्हणून येणाऱ्यांचे फोन सकाळच्या शुभेच्छांनी भरलेले असतात. गुलाब, कपबशी, सूर्य. ते पुसते म्हटलं की माणसं हळहळतात, जणू मी पाहुण्यांना उपाशी परत पाठवते आहे. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा एक आजी काळजीने विचारायला आल्या होत्या, "मंग आता फोनचा नंबर बी बदलंल का गं?"

या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना चमत्कारिक वाटेल. आमच्याकडे फोन हातात देताना लॉक मोठ्याने सांगतात. ओसरीवर दहा माणसं बसलेली असली तरी सांगतात. "वरून खाली वढ, मंग उजवीकडं." लपवण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटत नाही. एका भावकीत तर सगळ्या घरांचं लॉक एकच आहे, कारण पहिला फोन घेतला त्याने ते ठेवलं आणि बाकीच्यांनी त्याचं बघून ठेवलं. लॉक ठेवायचं ते फोन खिशात आपोआप लागू नये म्हणून. माणसांसाठी नाही.

दुसरी गोष्ट उसाची. दिवाळीनंतर आमचं अर्धं गाव रिकामं होतं. मुकादमाने जमवलेल्या मजुरांच्या टोळ्या ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यांकडे जातात. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, बाईला वेगळी नाही. तसाच फोनही कोयत्याला एक, आणि तो कोयत्यातल्या पुरुषाच्या खिशात. बाईला गावाकडे बोलायचं असेल तर नवरा नंबर लावून देतो आणि स्पीकर चालू करतो. पाचटाच्या कोपीसमोर चुलीभोवती टोळी बसलेली असते. ती टोळी सगळं ऐकते.

माझ्या चुलतभावाचा कोयता बरीच वर्षं असाच चालला. त्यांची मुलगी गावात आजीआजोबांपाशी, म्हणजे माझे चुलते तात्या आणि काकू यांच्यापाशी राहायची. गेल्या हंगामात मुलगी दहावीला गेली आणि वहिनीने सांगितलं, मी येणार नाही. घरात बोलाचाली झाली. शेवटी भाऊ एका एकट्या गड्याबरोबर जोडीने गेला आणि वहिनी पहिल्यांदा हंगामात गावात राहिली. भावाने जाताना नवा फोन घेतला, जुना वहिनीला दिला. कोयता तुटला म्हणून फोन दोन झाले, एवढाच त्याचा अर्थ.

टोळ्या गेल्या त्या आठवड्यात वहिनी ओसरीवर आली. फोन चांगला चालत होता.

"मंग काय झालं?" मी विचारलं.

"ह्याला कुलूप लावायचं शिकवा, ताई."

"लॉक आहे की. भावाने ठेवलंय ते."

"ते साऱ्यांना ठावं हाय. माझं मला लावायचंय."

कुठे दाबायचं ते मी दाखवलं. मग ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला कळायला जरा वेळ लागला. मी उठून भिंतीकडे तोंड केलं. समोर कॅलेंडर होतं, ते वाचत बसले. मागे तिचं बोट काचेवर फिरल्याचा आवाजसुद्धा आला नाही. "झालं," म्हणाली आणि गेली.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती. पण घरातले फोन टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवायची रीत आहे, आणि हाताला येईल तो उचलायची. तात्यांना कांद्याचे भाव बघायचे होते. त्यांनी वहिनीचा फोन उचलला, नेहमीचं लॉक ओढलं, उघडेना. वहिनीने पदराला हात पुसले, पाठमोरी होऊन फोन उघडला आणि त्यांच्या हातात दिला. भाव बघून झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तात्यांच्या लक्षात आलं की सून कुलूप काढून देते, किल्ली देत नाही.

ते दुपारी आमच्याकडे आले. बंडीच्या खिशातून फोन काढून माझ्यापुढे ठेवला. आई चहा ठेवायला आत गेली.

"हे काढ."

"काय काढू?"

"कुलूप."

"फोन कुणाचा आहे, तात्या?"

"कुणाचा म्हंजी? घरचा."

"वहिनीचा आहे ना?"

"वहिनी काय घराभाईरची हाय का? काढ. बाजारात न्हेला तर दुकानदार पन्नास लोकांत इचारील. तू घरातली, म्हनून आलो."

मी विचारलं, त्यात काय शोधायचंय. तात्या म्हणाले, शोधायचं काही नाही, पण कुलूप म्हटल्यावर काहीतरी असणार. नुसत्या खोलीला कुणी कुलूप लावतं का? आणि मग त्यांनी खरं ते सांगितलं.

"आज संध्याकाळपतुर लॉक निघालं तर ठीक. न्हाईतर परवा मुकादमाचा ट्रॅक्टर राहिलेल्या लोकान्ला न्यायला येतोय. हिला बसवून देतो. नवऱ्यापाशी गेली म्हंजी फोन बी लागायचा न्हाई आन कुलूप बी."

"आणि पोरीची दहावी?"

"तिचं मी बघतो. आजवर कुनी बघितलं?"

म्हणजे प्रश्न फोनचा नव्हताच. सून घरात राहणार की उसात जाणार, ते त्या काचेवरच्या नऊ ठिपक्यांवर येऊन ठेपलं होतं, आणि काच माझ्या हातात होती.

या फुकटच्या कामात एक हुकमी वाक्य आहे: "सर्व्हर डाऊन आहे." ते कुठेही चालतं. रेशनच्या दुकानात चालतं, तलाठ्याच्या ऑफिसात चालतं, मीही ते कितीदा वापरलं आहे. "निघत नाही, तात्या, कंपनीकडून बंद आहे," एवढं म्हटलं असतं तर तात्यांनी मान डोलावली असती. पण मग त्यांनी फोन बाजारात नेला असता. आणि दुसरं म्हणजे, ज्या घरात पत्रकं छापली त्या घरात बसून सर्व्हरच्या आड लपणं मला जमेना. पत्रकात जे म्हणायचं ते म्हणावं लागतं, खाली नाव टाकून.

मी म्हटलं, "काढता येतं. सगळं पुसून टाकायचे मार्ग आहेत. पण मी काढणार नाही."

आतून आईचा आवाज आला, "बापावर गेली."

तात्या चिडले नाहीत. ते हसले, आणि ते जास्त लागलं. "तुज्या बापानं बी लई पत्रकं वाटली. फडाफडावर वाटली. काय झालं? त्येच्या कागदात आमी भाकरी बांधल्या. कोयता व्हता, कोयताच हाये."

 मी म्हटलं, "तुमचा फोन द्या जरा."

सवयीने त्यांनी दिला. सवयीने लॉकही सांगितलं, आईला आत ऐकू जाईल असं. मी तो उघडला नाही. हातात धरून विचारलं, "तात्या, हा फोन मी किती वर्षं बघते? भरला की रिकामा कोण करतं?"

"तूच."

"तुम्ही काय बघता, कुणाशी बोलता, काय जपून ठेवता, सगळं माझ्या नजरेखालून जातं. आजवर कुणाला काही सांगितलं?"

तात्यांनी हात पुढे करून फोन काढून घेतला. चपळाई त्यांच्या वयाला शोभणारी नव्हती. त्या फोनमध्ये काय आहे ते मी इथेही लिहिणार नाही. वावगं काहीच नाही, एवढं सांगायलाही त्यांची परवानगी घ्यायला हवी होती.

"काकूला म्हनली व्हतीस काय काही?" त्यांनी हळू विचारलं.

"नाही. म्हणूनच वहिनीचंही तुम्हाला सांगणार नाही."

आईने चहा आणून ठेवला. तेवढ्यात वहिनी आली. फळीवर फोन दिसला नाही म्हणून शोधत आली असावी. हाताला शेण तसंच होतं, म्हशीखालून उठून आली होती. ओसरीवर आपला फोन पाहिला आणि ती पायरीवरच उभी राहिली.

"ही काय काढीना," तात्या म्हणाले. "तूच सांग."

"काढून देते की, मामा. मी कवा न्हाई म्हनले?"

"काढून नको. सांग."

"सांगत न्हाई."

"का? काय हाय त्यात?"

"काय न्हाई."

"मंग?"

वहिनीने हात पाठीमागे घेतले. ती तात्यांकडे बघत नव्हती, चहाच्या कपाकडे बघत होती. "फडावर इतकी वर्सं स्पीकरवर बोलले, मामा. पोरगी तापली तवा सारी टोळी ऐकायची. ती पहिल्यांदा बाजूला बसली तवा तुमी हितनं फोन लावला, तिनं मला स्पीकरवरच सांगितलं. मुकादम बी बसला व्हता तितं. पोरीला काय ठावं. मी हूं म्हनलं आन ठेवला."

 आईने उगाच कप सरकवला.

"त्यात काय न्हाई," वहिनी पुन्हा म्हणाली. "पण कुलूप माझं हाय. ट्रॅक्टरात बसवायचं तर बसवा. सांगत न्हाई."

तात्या बराच वेळ पायातल्या वहाणेशी चाळा करत होते. मुलीने ते स्पीकरवर सांगितलं तेव्हा फोन त्यांच्याच हातात असणार. मग ते उठले. फोन वहिनीच्या हातात दिला नाही, कठड्यावर ठेवला. "परीक्षा होऊ दे," म्हणाले, आणि उन्हात चालू लागले. चहा तसाच राहिला. वहिनीने कोपराने फोन सरकवून पदरात घेतला, हात शेणाचे होते म्हणून. ती तशीच परत गेली. म्हशी खोळंबल्या होत्या.

ट्रॅक्टर आला आणि राहिलेल्यांना घेऊन गेला. वहिनी त्यात नव्हती. मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसली, वहिनी रोज केंद्राबाहेरच्या लिंबाखाली थांबायची. पुढच्या हंगामात काय होईल ते ठरलेलं नाही. तात्यांनी "होऊ दे" म्हटलं आहे, "राहू दे" म्हटलेलं नाही, हे मला कळतं. एका कुलपाने उचल फिटत नाही आणि कोयत्याची दोन माणसं होत नाहीत. तरी त्या फळीवरचा वहिनीचा फोन उचलण्यापूर्वी आता घरातली माणसं विचारतात.

त्यानंतर काही दिवसांनी तात्या पुन्हा आले. इकडेतिकडे बघून स्वतःचा फोन पुढे केला. "ह्याचं बी बदल," म्हणाले. "पर तू बघायचं न्हाई." मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांना बराच वेळ लागला. कॅलेंडर वाचून संपलं.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. उद्या कुणी दुसऱ्याचा फोन तुमच्यापुढे ठेवून "उघड" म्हणालं, तर सर्व्हर डाऊन आहे असं सांगू नका. फोन कुणाचा ते विचारा, आणि ज्याचा असेल त्याच्या हातात द्या. आणि त्याआधी, आजच, हे वाचून झाल्यावर, घरातल्या ज्या बाईचं लॉक तुम्हाला माहीत आहे तिला फोन द्या आणि म्हणा, बदल. ती बदलेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसा.