बटणाच्या आतला माणूस

राष्ट्राच्या प्रगतीची ज्योत पेटवायची तर कुणाला तरी आपलं घर सोडावंच लागतं. मी घर सोडलं त्या सकाळी आमच्या घरातली ज्योत पेटत नव्हती, कारण सिलिंडर संपला होता.

गुहागर तालुक्यातलं आमचं गाव. मुंबईला विमानतळावर सोडणारी गाडी अंगणात हॉर्न मारत उभी होती आणि आई परसात तीन दगडांवर चहाचं आधण ठेवून ओल्या लाकडांवर फुंकर मारत होती. तिचे डोळे धुराने लाल झाले होते की माझ्यामुळे, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. बाबा जन्मभर शाळामास्तर. ते म्हणाले, "गॅसच्या देशात चाललायस. निदान तिथे चहा तरी वेळेवर मिळेल." हा आशीर्वाद होता की टोमणा, ते मला वीसेक वर्षांत ठरवता आलेलं नाही.

ज्या गॅसने मला ओमानला ओढून नेलं, तो पुढे आमच्या गावीही आला. म्हणजे आमच्या काजूच्या बागेखालून गेला. जमिनीत पाइपलाइन पुरली, वर पिवळा खांब रोवला आणि त्या पट्ट्यात खोल मुळांचं झाड लावायचं नाही असं बाबांना सांगितलं. बाबांनी तिथे हापूसची कलमं लावायचं ठरवलं होतं. आता तिथे गवत आहे. घरात अजून सिलिंडरच येतो. बाबा म्हणतात, "कोकणातल्या जलद गाडीसारखं आहे हे. जाते आपल्यातून, थांबत नाही." माझी मुलगी मस्कतच्या इंडियन स्कूलमध्ये शिकते. सुट्टीत तिने अडखळत विचारलं, "आजोबा, तुमच्या गार्डनमध्ये तो यलो पोल का?" आजोबा म्हणाले, "तो देशाचा आहे, बाळा. आपण नुसता सांभाळायचा."

तुम्ही तिकडे राहिलेले आणि माझ्यासारखे इकडे आलेले, दोघांनाही सांगतो: मी गॅसचा विरोधक नाही. त्याच्यावर माझं घर चालतं. इब्रीच्या पुढे वाळवंटात जमिनीतून गॅस काढून, साफ करून, पाइपातून किनाऱ्याकडे पाठवणाऱ्या प्लांटवर मी शिफ्ट सुपरवायझर आहे. त्या गॅसवर मस्कतचे दिवे लागतात, समुद्राचं पाणी गोडं होतं, खताचे आणि पोलादाचे कारखाने चालतात, उरलेला जहाजांत भरून दूरदेशी जातो. देश यातून वर येतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा राग गॅसवर नाही, त्याच्या समारंभावर आहे.

विश्राम परब कुडाळकडचा. ऑपरेटर म्हणून तो माझ्यानंतर दोन वर्षांनी आला आणि तेव्हापासून माझ्याच शिफ्टला आहे. आमच्याकडे कुठलंही नवं यंत्र सुरू करायच्या आधी कंट्रोल रूमच्या मागे गुपचूप नारळ फुटतो आणि परब गाऱ्हाणं घालतो: "बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो कॉम्प्रेसर तुझ्या पायाकडे सुरू होता हा, तेका सुखरूप ठेव. कोणाचा बोट जाता नये, कोणाची रजा अडकता नये, आनी अर्बाबाक, म्हंजे आमच्या मालकाक, सुबुद्धी दी रे म्हाराजा!" भोवतीचे सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्यात केरळचे फिटर असतात आणि इब्रीचा सलीमही असतो. सलीमचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांत ठसठशीत. विकासावरची बरीच भाषणं मी ऐकली आहेत. अपेक्षा इतक्या नेमक्या शब्दांत मांडणारं दुसरं ऐकलेलं नाही.

प्लांटचा नवा विभाग पुरा झाला आणि उद्घाटन ठरलं, तेव्हा परबने एक चूक केली. प्रोजेक्टच्या वेळापत्रकावर विश्वास ठेवला. भिंतीवरच्या रंगीत तक्त्यात उद्घाटनाची तारीख पाहिली, वर आठवडाभर सोडला आणि गावच्या भटजींकडून मयुरीच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढून घेतला. रजा मंजूर झाली, तिकीट आलं, मत्रहच्या सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, जावयाला अत्तर घेऊन झालं. मग भागीदार कंपनीच्या परदेशातल्या अध्यक्षांना सवड नाही म्हणून उद्घाटन पुढे गेलं. मग आणखी पुढे गेलं. ते नेमकं लग्नाच्या दिवशी येऊन टेकलं. भटजींची तारीख काही हलली नाही.

परबची रजा रद्द झाली. कारण सांगतो, आणि ते मी बनवलेलं नाही.

आमच्या प्लांटला फ्लेअर आहे. उंच नळकांड्यासारखा मनोरा, टोकाला ज्योत. वाया जाणारा गॅस तिथे जाळतात. प्लांट जितका नीट चालतो, तितकी ती ज्योत लहान असते. नवा विभाग तीन आठवडे झाले नीट चालू होता आणि ज्योत देवघरातल्या निरांजनाएवढी झाली होती. आम्हाला त्याचा अभिमान होता. पण निरांजन फोटोत येत नाही. म्हणून ठरलं, की अध्यक्ष मंचावरचं हिरवं बटण दाबतील आणि ज्योत आभाळाला भिडेल. ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. त्याची तार टेबलाखालच्या गालिच्यात संपत होती. खरं काम असं होतं: बटण दाबताच मंचाजवळ उभ्या सलीमने वॉकीटॉकीवर "यल्ला", म्हणजे "चला", म्हणायचं आणि दूर फ्लेअरच्या पॅनेलपाशी उभ्या माणसाने व्हॉल्व्ह उघडून चांगला विकता येण्याजोगा गॅस जाळायचा. हे काम सुरक्षितपणे जमणारे दोघेच. त्यातला एक आधीच रजेवर गेला होता. दुसरा परब.

मी मॅनेजरसाहेबांशी भांडलो. ते मुंबईचे, मऊ बोलणारे. म्हणाले, "अरे केळकर, एकाच दिवसाचा प्रश्न आहे. आजकाल लग्नं व्हिडिओवर पण होतात यार." मी म्हणालो, मग उद्घाटनही व्हिडिओवर करू. ते हसले. मी विनोद केलेला नव्हता.

परब तेवढा संतापला नाही. मेसमध्ये ताट पुढे ओढून तो म्हणाला, "ऐका, केळकरानू. पोरीच्या लग्नात बापूस नसलो तरी चालता, बटणाक मात्र बापूस होयो. म्हंजे मी बटणाच्या आतलो माणूस." टेबलावरचे सगळे हसले, तोही हसला. मग त्याने ताट तसंच ठेवलं आणि उठून गेला.

प्लांटच्या हद्दीत मोबाइल नेता येत नाही; ठिणगीची भीती. म्हणजे त्याला व्हिडिओही मिळणार नव्हता. कंट्रोल रूम तेवढी त्या हद्दीबाहेर होती, तिथे माझा फोन चालत होता. मी एवढंच केलं, की फ्लेअरसाठी वेगळा ठेवलेला वॉकीटॉकीचा चॅनेल लग्नाला दिला. त्यावर आम्ही तिघेच होतो: परब, सलीम आणि मी. फोनवर कुडाळचा मांडव लावला, वॉकीटॉकी त्याच्या तोंडाशी धरला आणि बोलायचं बटण दाबून ठेवलं; ते सोडेपर्यंत बाकीच्या दोघांना फक्त ऐकता येणार होतं. माझं बटण तरी कशाला तरी जोडलेलं होतं.

अध्यक्ष उशिरा आले, त्यामुळे त्यांचं भाषण बरोबर मुहूर्तावर आलं. खिडकीबाहेर लाउडस्पीकर सांगत होता, की नैसर्गिक वायू ही राष्ट्राची नवी पहाट आहे आणि आमचं सर्वांत मोठं भांडवल म्हणजे आमची माणसं. फोनमध्ये मंगलाष्टकं चालू होती. मध्येच मांडवातली लाइट गेली, आवाज तुटला, आणि कुणी तरी ओरडलं, "भटजीनू, थांबा वायच! बापूस वायरलेसवर आसा!" भटजी थांबले. एवढंच नाही, लाइट आल्यावर आधीचं अष्टक त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मग 'तदेव लग्नम्' झालं, शेवटचं 'सावधान' झालं, टाळ्यांचा आणि वाजंत्रीचा गदारोळ उठला.

आणि खिडकीबाहेर ज्योत आभाळाला भिडली.

अध्यक्ष अजून भांडवलावरच होते. बटण त्यांच्यापासून चार हात लांब होतं. मग पहिल्या रांगेतल्या कुणी तरी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच. अध्यक्ष लगबगीने टेबलाकडे गेले आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं. फोटो उत्तम आले.

चॅनेल मोकळा केला तेव्हा सलीमचा आवाज फुटला, "परब! मैंने यल्ला नहीं बोला!"

"खलास, सलीमभाई," परब म्हणाला. "शादी हो गया."

मग सलीमने गंभीरपणे सांगितलं, "व्हय म्हाराजा."

परब दोन दिवसांनी गावी पोचला. मुलगी तोवर सासरी कणकवलीला गेली होती. अत्तर त्याने बसने जाऊन दिलं. कंपनीच्या मासिकात छापून आलं, की अध्यक्षांच्या हस्ते ज्योत प्रज्वलित झाली. हे वाचून माझा जळफळाट झाला, आणि परबने ते कात्रण मयुरीच्या लग्नाच्या अल्बममध्ये लावलं.

घर म्हणजे काय, हे आम्हा बाहेर राहणाऱ्यांना कुणी ना कुणी विचारतंच. पूर्वी मी गाव, आई, समुद्र असं काहीबाही सांगायचो. आता सांगतो: जिथे आपल्यासाठी भटजी थांबतात आणि एक अष्टक पुन्हा म्हणतात, ते घर. उरलेल्या ठिकाणी आपण बटणाच्या आत असतो. व्याख्या जराशी भारदस्त झाली, हे मान्य आहे.

उद्घाटनाच्या दिवशी कॅम्पमध्ये सर्वांना बिर्याणी होती. ती दोन तास उशिरा मिळाली. किचनमधला गॅस संपला होता, आणि सिलिंडरचा ट्रक इब्रीहून यायचा होता.