कुंकवाखालचा नंबर

गुरुवारी एमआयडीसीची लाइट जाते, हे भोसरीत कुणाला सांगावं लागत नाही. कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघतात. माझ्या मोजमापाच्या खोलीतला जुना संगणक मात्र गुरुवारीही यूपीएसवर चालू असायचा. कित्येक वर्षांत मी तो बंद केला नव्हता. त्या गुरुवारी ट्रान्सफॉर्मरच बदलायला काढला. लाइट दिवसभर आली नाही आणि यूपीएस रिकामा झाला. शुक्रवारी सकाळी बटण दाबलं तर आतली डिस्क फिरेना. नुसती टकटक.

हा संगणक म्हणजे कुठल्याही दुकानात मिळणारा पीसी नव्हे. प्रोसेसर वेगळा, जोडण्या वेगळ्या, विंडोज त्यावर चालतच नाही. त्याला सीएमएम जोडलेलं आहे. सीएमएम म्हणजे दगडी टेबलावरचं मोजायचं मशीन. त्याच्या सुईच्या टोकाला लाल मणी असतो. तो जॉबला, म्हणजे मापायच्या नगाला, टेकवत गेलं की कुठलं भोक कुठे आहे ते मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, कळतं. त्या रिपोर्टांवर माझं घर चालतं. संगणकाशिवाय ते मशीन म्हणजे नुसता मोठा पाटा.

आणि त्या पाट्यावर भाईंचा ट्रे होता. भाईंचं दिघी रोडला छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या एका कंपनीचं काम त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं, पंपाचं अॅल्युमिनियमचं झाकण. नमुन्याचे नग माझ्या रिपोर्टसकट पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गेटवर पोचले नाहीत, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. या कामाच्या भरवशावर भाईंनी दोन जुनी गिऱ्हाइकं सोडली होती. चाकणच्या मोठ्या लॅबमध्ये महिनाभर तारीख मिळत नव्हती.

"मॅडम, डिस्क बदला ना. टायर बदलतात तसं," भाई म्हणाले.

"टायर मिळतो हो. गाडीच मिळत नाही आता."

डिस्क मिळाली, जुन्या बाजारात. तिच्यावर टाकायला मूळ सिस्टिमची सीडी काढली, तर तिची चांदी पोपडे धरून निघालेली. सुदैवाने लग्नाआधी एका कंपनीच्या डिझाइन खात्यात मी युनिक्स या जुन्या सिस्टिमवर काम केलेलं होतं. युनिक्सच्या घराण्यातली एक फुकट मिळणारी सिस्टिम अजून या प्रोसेसरवर चालते, आणि या संगणकासाठी पूर्वी लिहिलेले प्रोग्रामही ती चालवून घेते, असं वाचलं होतं. ती उतरवून घेतली.

पुढचे दिवस वाईट गेले. मॉनिटर आधीच मेलेला होता. लॅपटॉपला केबल जोडून त्याच्या पडद्यावर या संगणकाची अक्षरं बघायची, तर केबलमधल्या तारा उलट्या निघाल्या. त्या मी स्वतः डाग देऊन बदलल्या. सिस्टिम अर्ध्यात अडकायची, पुन्हा पहिल्यापासून. मदतीला फोन करावा असं कुणी नव्हतं. या मशीनचं नाव ऐकून लोक हसत होते. रोज दुपारी भाई चहा घेऊन यायचे, ट्रेवरचं फडकं उचलून बघायचे आणि परत झाकायचे.

मंगळवारी सिस्टिम उभी राहिली. मोजमापाच्या प्रोग्रामची सीडी शाबूत होती, तोही बसला. चालू केला, तर एकच ओळ: हा संगणक ओळखीचा नाही.

अशा संगणकाला स्वतःचा एक नंबर असतो. तो आतल्या चिपमध्ये साठवलेला असतो आणि चिपच्या पोटात बॅटरी असते. बॅटरी केव्हाच मेली होती. संगणक कधी बंदच झाला नाही म्हणून कळलं नाही. बंद झाला आणि तो स्वतःचा नंबर विसरला. प्रोग्राम त्या नंबरला बांधलेला. प्रोग्राम विकणारी कंपनीही राहिलेली नाही, की फोन करून विचारावं.

नंबर पुढच्या पट्टीवर, पांढऱ्या स्टिकरवर छापलेला होता. पण करड्या खोक्यावर तेवढीच एक पांढरी जागा. दर खंडेनवमीला मशीनची पूजा करताना मी ओल्या कुंकवाचं बोट तिथेच लावत आले होते. तिथे लाल-काळा थर बसला होता.

"आमची पोरंपण हार घालतात खंडेनवमीला," भाई वाकून बघत म्हणाले, "पण मशीनच्या डोळ्यात नाही ओ घालत!"

मी ओला कापूस आणायला वळले, तेवढ्यात त्यांनी खिशातलं थिनरचं फडकं काढून घासायला सुरुवात केली. "निघतंय, मॅडम, निघतंय." निघत होतं खरं. कुंकू निघालं आणि त्याबरोबर शेवटची दोन अक्षरंही. भाईंनी फडक्याकडे बघितलं. मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, "संपलं."

मला ओरडायचं होतं. पण ओरडून अक्षरं परत आली नसती. बाकीचा नंबर वाचता येत होता. दोन जागा, प्रत्येकीत शून्य ते नऊ किंवा ए ते एफ अशा सोळा शक्यता, म्हणजे अडीचशेच्या वर जोड्या. मूळ सिस्टिम नंबर बदलू देत नसे, ही देत होती. मी चार-पाच ओळींची आज्ञावली लिहिली: एक नंबर लाव, प्रोग्राम उघडून बघ, नाही उघडला तर पुढचा लाव. संगणक म्हातारा, प्रत्येक वेळेला रेंगाळायचा.

"चोर कुलपाला किल्ल्या लावून बघतो, तसं चाललंय हे," भाई म्हणाले.

"कुलूप माझंच आहे."

बुधवारी सकाळी येऊन बघितलं तर ओळी थांबलेल्या होत्या. प्रोग्राम उघडला होता. मी आधी पत्र्यावर खुणा करायची कडक सुई घेऊन नंबर खोक्यावर खोल कोरला, मग भाईंना फोन केला.

ते आले तेव्हा झाकण टेबलावर लावून झालं होतं. मणी एकेका भोकाला टेकत गेला. बाकी सगळं मापात. पिनांच्या दोन भोकांमधलं अंतर तीस मायक्रॉन बाहेर.

"परत बघा. तुमचं मशीन आत्ताच आजारातून उठलंय."

मी मास्टर गोळा, ज्याचं माप पक्कं ठरलेलं असतं तो, लावून मशीन तपासलं. बरोबर होतं. झाकण पुन्हा मोजलं. तेवढंच बाहेर. दुसरा नग, तिसरा नग, तसाच.

"सगळे सारखेच चुकलेत, भाई. म्हणजे भोकं पाडताना नग धरून ठेवणारं तुमचं फिक्स्चर सरकलंय. ते सरळ करा, नवीन नग काढा."

"आणि रिपोर्टमध्ये जरा..."

"नाही."

त्यांनी मान हलवली. ट्रे उचलला आणि दारापर्यंत गेले.

"उद्या सकाळी नवे नग आणतो. मशीन चालू ठेवा."

"उद्या गुरुवार आहे," मी म्हणाले.

ते तिथेच थांबले. लाइट त्यांच्याकडेही नसणार होती, माझ्याकडेही नाही. मी किल्ल्यांचा जुडगा उचलला. "चला, फिक्स्चर दाखवा मला. आजचा दिवस अजून आहे."