तिची गोळी

रेडिएशनसाठी इंदूरला जायला आम्ही दोघींनी मिळून गाडी ठरवली होती. ती आमच्याच शहरात, नानाखेड्याकडच्या कॉलनीत राहायची. नवरा रेल्वेत, जळगावहून बदलीवर आलेला. मी इथलीच, शाळेतून रिटायर झालेली. दोघींची छातीतली गाठ उशिरा कळलेली, काखेपर्यंत पोचलेली. आधी केमो, मग ऑपरेशन, आता हे. पाच आठवडे आम्ही मागच्या सीटवर शेजारी बसून गेलो. ती मला ताई म्हणायची. खिडकीतून ऊन आलं की माझ्या बाजूला स्वतःची ओढणी धरायची.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. तिची गाठ हार्मोनवर वाढणारी, म्हणून रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. "ये गोली आपकी चौकीदार है," ते तिला म्हणाले. माझी गाठ त्या गोळीला दाद न देणारी. शिवाय ऑपरेशनच्या वेळी थोडा आजार शिल्लक सापडलेला. मला सहा महिने केमोच्याच गोळ्या.

"और उसके बाद?" मी विचारलं.

"बस, चेकअप."

परतताना ती खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती. मला तिचा इतका राग आला की सांवेरला चहासाठी गाडी थांबली तेव्हा मी उतरलेच नाही. तिच्यामागे पाच वर्षं चौकीदार उभा राहणार आणि माझं दार सहा महिन्यांनी सताड उघडं!

त्या गोळ्यांनी माझ्या तळहातांची सालं निघाली. पोळी लाटता येईना. अशात एका दुपारी ती भरलेला डबा घेऊन आली, वांग्याचं भरीत. डोक्यावर नवे कुरळे केस. "गोळीचा काही त्रास नाही हो ताई. सकाळी बोटं जरा आखडतात, बस."

मी म्हटलं, "जपून हो. हाडं भुसभुशीत होतात त्यानं. माझ्या ओळखीची एक होती, साधी वाकली तर मणका मोडला. अजून अंथरुणावर आहे."

अशी कोणी बाई नव्हती. तिचा चेहरा उतरला. ती गेल्यावर मी भरीत चाटूनपुसून खाल्लं.

महिन्याभराने फ्रीगंजात औषधाच्या दुकानात तिचा नवरा भेटला. "ताई, तुम्हीच समजवा तिला. गोळी बंद केलीय तिनं. म्हणते, ताईंच्या ओळखीच्या बाईचा मणका मोडला."

घरी न जाता मी तशीच रिक्षा करून तिच्याकडे गेले. ती मटार सोलत बसली होती.

"ती बाई खोटी होती," मी दारातूनच म्हटलं. "मला तुझा हेवा वाटत होता. तुला गोळी मिळाली, मला नाही."

ती म्हणाली, "माझा हेवा? तुमचं सहा महिन्यांत संपतंय म्हणून मी जळत होते, ताई. ती गोळी हातात घेतली की रोज सकाळी आठवतं, आपण अजून आजारीच." पुढची शेंग उचलत म्हणाली, "पण मी तुम्हाला घाबरवलं नसतं."

दुसऱ्याच दिवशी तिला इंदूरला घेऊन गेले. गाडीत ती पुढच्या सीटवर बसली. डॉक्टर रागावले. हाडं थोडी कमजोर होऊ शकतात, त्यासाठीच तपासणी असते, असं म्हणाले. कॅल्शियम दिलं, रोज चालायला सांगितलं. गोळी त्या संध्याकाळपासून सुरू झाली.

माझ्या गोळ्या संपल्या. आतापर्यंतचे चेकअप ठीक आलेत. इंदूरला मी आता बसने एकटी जाते. ती सणावाराला येते, हळदीकुंकू घेऊन जाते, तब्येतीचं मात्र काढत नाही. तिच्या हाडांची तपासणी चांगली आल्याचं मला मागच्या महिन्यात तिच्या नवऱ्याकडून कळलं. बरं वाटलं, खरंच. आणि थोडं जळलंही.