चुलीजवळची छोटी ताटली

पलीकडे बर्मात लष्कर गावांत घुसलं आणि सरहद्दीवरची तिआऊ नदी ओलांडून माणसं यायला लागली, तेव्हा आमच्या गावच्या बायकांनी कुणाला विचारलं नाही. भात टाकायच्या आधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढायची आम्हा मिझो बायकांची सवय. त्याच्या जोडीनं आता या लोकांसाठी आणखी एक मूठ निघू लागली. पुरुषांनी सभा भरवल्या. सभेनं कुणाचं पोट भरलंय कधी?

माझ्या शेजारच्या रोछिंगीताईनं तर माणूसच घरी आणलं. पारतिआल नावाची तरणी बाई, पाय सोलवटलेले. पळापळीत तिचा लहानगा बिआक हातातून सुटला होता. "मागच्या लोकांबरोबर येईल," एवढंच ती बोलायची.

ताईची एक खोड होती. जुन्या काळी, नदीच्या दोन्ही काठांना, माणूस गेलं की त्याचा जीव घरातच घुटमळतो म्हणून जेवणात त्याचाही वाटा मांडायचे. चर्च आलं नि ते सुटलं. हिचं सुटलं नाही. सहासष्ट साली, मिझो बंडाच्या वेळी, आमचं गाव जळालं, तेव्हा ही पोर होती. धाकट्या भावाला पाठीशी बांधून नदीपलीकडे पळाली. तिकडच्या एका बाईनं घरात घेतलं, झोळी सोडली, तर भाऊ गार पडलेला. तेव्हापासून चुलीजवळ त्याची छोटी ताटली. मी किती बडबडले, "ताई, चर्चचे पाळकबुवा बघतील, शोभतं का हे?"

"बघू देत. त्यांच्यातलं थोडंच खातो तो!"

पहिल्याच जेवणाला पारतिआलची नजर त्या ताटलीवर गेली. तिचा हात थांबला.

"ही लहान मुलाची ना? तुम्हाला कळलंय! माझा बिआक गेला, सगळ्यांना कळलंय, नि मला भात वाढताय!"

"अगं बाई, नाही गं! माझ्या भावाची आहे ती!" पाळकाला न भिणारी ताई घाईघाईनं उठली. तिनं ताटली उचलली आणि वर फळीवर पालथी घातली. "हे बघ. तुझं लेकरू येईपर्यंत ही खाली यायची नाही."

इतक्या वर्षांत भाऊ पहिल्यांदा उपाशी राहिला. ताई मला म्हणाली, "तो घरभर फिरतोय गं. ताटली शोधतोय." मी हसणारच होते, तेवढ्यात फळीवर काहीतरी वाजलं. उंदीर असेल, मी म्हणाले, पण माझा मलाच ते पटलं नाही.

भातकापणीच्या दिवसांत पारतिआलच्या गावचा एक माणूस आला. अंगणात उभा राहून खाली मान घालून बोलला. बिआक घळीत सापडला होता. तिथंच पुरला होता.

पारतिआल रडली नाही. ती आत आली, फळीवरची ताटली काढली, नेसणीच्या टोकानं पुसली, भात वाढला आणि चुलीजवळ ठेवली.

ताई उठली, एक वाटी घेतली, तिच्यात भावाचा भात वाढला आणि ताटलीशेजारी मांडली.

"एकटं नको बसायला पोर," म्हणाली.